जुनी प्रेमगीतं पुन्हा का गातात?

प्रश्न : घरात आशा भोसले आणि क्रोनोस क्वार्टेट यांचा आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम लावला की आई म्हणते, ‘आवाज तिचाच, पण गाणं ते नव्हे.’ वडिलांच्या कपाटात नोएडाच्या कंपनीच्या जुन्या कॅसेटी आहेत. त्यांत उलटा प्रकार : गाणं तेच, आवाज भलत्याचाच. मूळ गाणी मोबाइलवर सहज ऐकता येत असताना मोठे गायक उतारवयात स्वतःचीच जुनी प्रेमगीतं पुन्हा का गातात? त्यांना कोणाची परवानगी लागते का? आणि आईचं म्हणणं बरोबर आहे का?
– एक वाचक, इंदिरापुरम (गाझियाबाद)

उत्तर : आईंच्या तक्रारीकडे येतोच, पण आधी वडिलांचं कपाट उघडू. तुम्ही राहता त्याच टापूत ‘तेच गाणं, पुन्हा’ या गोष्टीचा मोठा धंदा झाला आणि त्यावरची भांडणं यमुनेपलीकडे दिल्ली उच्च न्यायालयात रंगली. त्या कॅसेटी समजल्या की आशाबाईंचा अल्बमही निम्मा समजेल.

गुलशन कुमार यांच्या घरचं दरियागंजमध्ये फळांच्या रसाचं दुकान होतं. १९८३ साली त्यांनी सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज काढली, म्हणजे आपण ओळखतो ती टी-सीरिज, आणि कारखाना नोएडाला टाकला. कॅसेट स्वस्त होती, गिऱ्हाईक भरपूर होतं. नव्हती ती जुनी गाणी. रफी, मुकेश, किशोर, लता यांच्या गाण्यांचा बहुतेक साठा एचएमव्हीच्या, म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या ताब्यात. (यांतले मुकेश तर अस्सल दिल्लीकर. मुंबईला जाण्याआधी सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करायचे.) लोकांना रफी हवा होता आणि रफींचं ध्वनिमुद्रण दुसऱ्याच्या तिजोरीत होतं.

पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक दार उघडं होतं. त्या कायद्याच्या हिशेबाने आपण ज्याला ‘गाणं’ म्हणतो ती एक वस्तू नसतेच. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि तबकडीवर उमटलेला आवाज, म्हणजे ध्वनिमुद्रण, ही तिसरी स्वतंत्र मालमत्ता. पहिल्या दोन गोष्टींच्या मालकांच्या परवानगीने एकदा तबकडी निघाली, की पुढे कोणीही नोटीस देऊन, ठरलेली रॉयल्टी भरून तेच शब्द त्याच चालीत नव्याने गाऊन घेऊ शकत होतं. मूळ तबकडीची नक्कल केली तर चोरी. नव्या गळ्यातून, नव्या वादकांकडून तेच करून घेतलं तर कायदेशीर. याला धंद्यात ‘व्हर्जन रेकॉर्डिंग’ म्हणत.

नोएडाने या दारातून अख्खी वरात नेली. फरीदाबादला जन्मलेला आणि दिल्लीत वाढलेला सोनू निगम ‘रफी की यादें’ गायला, कुमार सानू ‘किशोर की यादें’. आपल्या अनुराधा पौडवाल यांनी लताबाईंची कितीतरी गाणी नव्याने गायली. तेव्हा या प्रकाराला नाकं मुरडणारे पुष्कळ होते. माझं मत थोडं वेगळं आहे. त्या कॅसेटींतला वाद्यमेळ बहुतेक वेळा कीबोर्डवर भागवलेला असे आणि तो आज कानाला टोचतो, हे खरं. पण ज्या घरात रेकॉर्ड प्लेअर कधी आलाच नाही, त्या घरात पन्नासच्या दशकातली चाल पहिल्यांदा पोचली ती याच कॅसेटीतून. आणि सोनू निगमसारख्या गायकाची तालीमही त्यातच झाली.

भांडण पेटलं ते १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’वरून. मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क एचएमव्हीकडे, आणि बाजारात टी-सीरिजचीही त्याच गाण्यांची कॅसेट, जवळपास तेच नाव आणि तसंच वेष्टण घेऊन. पालिका बाजारात कॅसेट उचलणाऱ्याला आपण काय विकत घेतोय ते कळावं कसं? दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वेष्टणाच्या या साधर्म्याला लगाम घातला : नव्याने गाऊन विकायचं तर हे मूळ चित्रपटाचं ध्वनिमुद्रण नाही, असं ठळक अक्षरांत छापा. त्याच वर्षी लागू झालेल्या कायद्याच्या दुरुस्तीने मूळ तबकडीनंतर दोन वर्षं थांबण्याची अट आणली, आणि २०१२ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षांवर नेली. वडिलांच्या कॅसेटींच्या कागदावर बारीक अक्षरांत काय छापलंय ते आता भिंग घेऊन वाचा. मजा येईल.

आता यात गायक कुठे बसतो? जुन्या व्यवस्थेत कुठेच नाही. गायकाला गाण्यामागे ठरलेली रक्कम मिळायची आणि विषय संपायचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लताबाईंनी गायकालाही रॉयल्टी हवी असा आग्रह धरला. रफींना तो पटला नाही आणि त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायलेच नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. कायद्याने गायकांच्या रॉयल्टीचा हक्क स्पष्टपणे मान्य केला तो २०१२ मध्ये. त्यानंतर गायकांच्या संघटनेने आपल्या हक्कांसाठी हॉटेलं आणि बार यांच्याविरुद्ध दावे लावले, तेही पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयातच.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं : हो, स्वतःचंच गाणं पुन्हा रेकॉर्ड करायलाही गायकाला मालकांची परवानगी, नाहीतर नोटीस आणि रॉयल्टी लागते, कारण ते त्याचं नसतंच. गंमत पुढे आहे. २०१२ च्या कलमात अशी अट आहे, की नव्या ध्वनिमुद्रणाच्या वेष्टणावर आधीच्या ध्वनिमुद्रणातल्या गायकाचं नाव किंवा चित्र असता कामा नये. कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ‘अमक्या की यादें’ असणार, हे उघड आहे. पण अक्षरशः वाचलं तर ज्या गायिकेने ते गाणं आधी गायलं तीच पुन्हा गात असेल, तर तिला स्वतःच्या अल्बमवर स्वतःचंच नाव घालायची पंचाईत! त्यामुळे अशा वेळी या कलमाच्या नादी न लागता मालकांशी सरळ करार केलेला बरा.

मग ही उठाठेव करायचीच कशाला? पहिलं कारण पैशाचं, आणि ते सांगायला लाजायचं कारण नाही. जुन्या तबकडीचा मालक एक असतो, आणि गायकाचं नाव आज विकू पाहणारी कंपनी दुसरी. त्या दुसऱ्या कंपनीला दुकानात काहीतरी मांडायचं असेल तर नवं ध्वनिमुद्रण लागतं. फ्रँक सिनात्रा यांनी हेच केलं. १९६० मध्ये त्यांनी रिप्राइज ही स्वतःची कंपनी काढली आणि दुसऱ्या कंपन्यांसाठी पूर्वी गायलेली आपली गाजलेली प्रेमगीतं १९६३ मध्ये ‘सिनात्राज सिनात्रा’ या अल्बमसाठी पुन्हा गायली. टेलर स्विफ्टने २०२१ पासून आपले जुने अल्बम एकेक करून पुन्हा गायला घेतले, त्यामागेही जुन्या ध्वनिमुद्रणांच्या मालकीचा वाद होता. दोघांच्या गाण्यात साम्य शोधायला जाऊ नका, हिशेब मात्र एकच आहे.

पण पैशाने सगळं उलगडत नाही. पुन्हा गायला घेतात ती बहुतेक वेळा संथ प्रेमगीतंच का? द्रुत, उडत्या चालीची, तानांची गाणी सहसा का नाही? उत्तर मायक्रोफोनमध्ये आहे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी गायकाला भोंग्यात तोंड घालून मोठ्याने गावं लागे. मायक्रोफोन आल्यावर कानाशी बोलावं तसं गाता येऊ लागलं. अमेरिकेत बिंग क्रॉसबी, आपल्याकडे सैगल, पुढे तलत महमूद. मराठीत भावगीत वाढलं तेही याच सोयीवर; गजानन वाटव्यांचं गाणं नाट्यसंगीताच्या फेकीपासून किती दूर आहे बघा. या गायकीची सगळी मदार श्वासावर, शब्दाच्या उच्चारावर, मधल्या सप्तकातल्या गोलाईवर. वय वाढतं तसा सर्वांत आधी वरचा षड्ज डगमगतो, तान अडखळते. हलक्या आवाजात शब्द सांगायची ताकद मात्र बरीच टिकते, काही जणांची वाढतेही.

गळ्याचं नेमकं काय होतं? स्वरयंत्राची कूर्चा हळूहळू कडक होते, दमसास घटतो, लांबवलेल्या स्वराचा कंप मंद आणि मोठा होतो. बायकांचा आवाज पन्नाशीनंतर जाड होऊन खाली उतरतो. पुरुषांचा, ऐकून नवल वाटेल, फार उतारवयात उलट बारीक होतो आणि किंचित वर चढतो. म्हणून जुनं गाणं पुन्हा गाताना पहिला निर्णय असतो पट्टीचा.

आणि इथेच अनेक अल्बम फसतात. समजा, मूळ गाणं काळी चारमध्ये होतं आणि आता गायिकेला पांढरी चार सोयीची आहे. हार्मोनियमवर हा फरक म्हणजे तीन पट्ट्या खाली सरकणं, दुसरं काही नाही. पण वाद्यमेळ नुसता तीन पट्ट्या खाली सरकत नाही. व्हायोलिनची सर्वांत खालची तार खर्जात एका ठिकाणी संपते, पांढरी पाचवर. मूळ गाण्यातला व्हायोलिनचा तुकडा तिथपर्यंत उतरत असेल, तर नव्या पट्टीत तो व्हायोलिनवर वाजणारच नाही. व्हायोलाकडे द्यावा लागेल, आणि व्हायोलाचा आवाज काळसर. बासरी बदलावी लागेल, आणि मोठ्या बासरीची फुंक वेगळी लागते. गिटारच्या मोकळ्या तारांवर बसलेला तुकडा बंद बोटांवर जाईल आणि त्याचा खणखणीतपणा जाईल. जो संगीत संयोजक हे ओळखून सगळा वाद्यमेळ नव्याने लिहितो, त्याचा अल्बम जगतो. जो जुनी स्वरलिपी खाली सरकवून वाजवतो, त्याच्या अल्बमात गाणं दमल्यासारखं वाटतं आणि दोष उगाच गायकाच्या माथी येतो.

आता तुमच्या घरातला अल्बम. क्रोनोस क्वार्टेट ही सॅन फ्रान्सिस्कोची मंडळी : दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. त्यांचे प्रमुख डेव्हिड हॅरिंग्टन आर. डी. बर्मन यांच्या संगीताच्या प्रेमात पडले. २००५ मध्ये नॉनसच कंपनीने अल्बम काढला तेव्हा आशाबाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. तबल्याला आणि इतर तालवाद्यांना झाकीर हुसेन, चिनी पीपा वाजवायला वू मान. चौकडीने नुसती तंतुवाद्यं वाजवून भागवलं नाही. आरडींच्या वाद्यमेळाची दाटी आणायला एकावर एक थर चढवले, कीबोर्डही वाजवले. या अल्बमला पुढच्या वर्षीच्या ग्रॅमीत नामांकन मिळालं.

आशाबाईंनी आरडींची गाणी पुन्हा गायली ती पहिल्यांदाच नव्हे. आरडी १९९४ च्या जानेवारीत गेले. त्यानंतर लेस्ली लुईस यांच्याबरोबर ‘राहुल अँड आय’ हा अल्बम आला, त्या काळच्या पॉपच्या ठेक्यावर बसवलेला. तो गाजला, आणि आज ऐकला तर त्यातला ठेकाच आधी जुनाट वाटतो. क्रोनोसच्या अल्बमचं तसं झालेलं नाही, कारण त्यात ‘आजची फॅशन’ नव्हतीच. चार पाश्चात्त्य शास्त्रीय वादक आरडींची रचना एखाद्या जुन्या उस्तादाच्या रचनेसारखी आदराने उलगडत होते. आदर जरा जास्तच झालाय, असंही मला अधूनमधून वाटतं. आरडींच्या गाण्यात एक रस्त्यावरचा वांडपणा असतो, तो तंतुवाद्यांनी इस्त्री केल्यासारखा सरळ होतो.

‘यादों की बारात’मधलं ग्लासच्या किणकिणाटाने सुरू होणारं १९७३ चं गाणं घ्या. तुमच्या आईंना ज्याची उणीव भासते ती बहुधा इथे आहे. त्या गाण्याची मोहिनी आशाबाईंच्या गळ्याइतकीच त्या ग्लासात आणि पाठोपाठ येणाऱ्या गिटारमध्ये आहे. ती गिटार भूपिंदर सिंग यांची. तेच भूपिंदर, जे दिल्ली आकाशवाणीत वाजवत-गात होते आणि ज्यांना मदन मोहन यांनी १९६२ मध्ये दिल्लीत ऐकून मुंबईला बोलावलं. तेव्हा आईंच्या आठवणीतल्या ‘त्या’ गाण्यात दिल्लीचाही वाटा आहे, हे त्यांना जरूर सांगा. नव्या अल्बममध्ये गळा आशाबाईंचाच आहे. पण भूपिंदर यांची बोटं, तेव्हाच्या स्टुडिओची हवा आणि चाळिशीला टेकलेल्या आशाबाई त्यात कुठून येणार?

म्हणून आईंचं वाक्य मला जवळपास तंतोतंत बरोबर वाटतं. मी फक्त त्यापुढे जाऊन म्हणेन, की ‘ते’ गाणं पुन्हा मिळावं ही अपेक्षाच या अल्बमवर लादू नये. कॅनडाच्या जोनी मिचेल यांनी ऐन पंचविशीत, १९६९ मध्ये, आपलं ‘बोथ साइड्स नाउ’ हे गाणं उंच, पातळ आवाजात गायलं. २००० साली तेच गाणं त्या मोठ्या वाद्यवृंदाबरोबर खूप खालच्या पट्टीत, सिगारेटींनी खरबरीत झालेल्या गळ्याने गायल्या. आयुष्य दोन्ही बाजूंनी पाहिल्याची भाषा पंचविशीत ऐकताना हुशार वाटते, सत्तावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर पटते. असं भाग्य प्रत्येक गाण्याच्या वाट्याला येत नाही. ‘कॅरव्हान’मधलं हेलनवर चित्रित झालेलं कॅबरे गाणं सत्तरीत गाऊन त्याला नवा अर्थ येत नाही, गायिकेच्या दमाचं कौतुक तेवढं वाटतं. क्रोनोसच्या अल्बममध्ये अशी गाणीही आहेत, आणि ती मला इतरांपेक्षा फिकी वाटतात.

आपल्याकडे, मराठीत, पुन्हा गाण्याची जागा अल्बमपेक्षा रंगमंचाने घेतली. इंदूरचे अरुण दाते ‘शुक्रतारा’ या कार्यक्रमात तीच भावगीतं दशकानुदशकं गात राहिले. ज्या गाण्यावरून कार्यक्रमाला नाव मिळालं, त्याचे शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आणि मूळ ध्वनिमुद्रणात स्त्रीचा आवाज सुधा मल्होत्रा यांचा. सुधाताईंचा जन्म नवी दिल्लीतला! कार्यक्रमात त्या जागी वेगवेगळ्या गायिका येत गेल्या. श्रोत्यांनी कधी ‘हे ते गाणं नव्हे’ म्हटलं नाही. समोर माणूस गाताना दिसत असला की कान जुन्या तबकडीशी ताडून पाहत बसत नाहीत, एवढाच याचा अर्थ मी लावतो.

अशीच आणखी एक जात आहे : ज्येष्ठ गायकाने दुसऱ्यांची जुनी गाणी गाणं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लताबाईंचा ‘श्रद्धांजली’ आला, त्यात सैगल, रफी, किशोर, मुकेश यांची गाणी होती. जगजीत सिंग यांनी ‘क्लोज टु माय हार्ट’मध्ये जुनी चित्रपटगीतं गायली. आशाबाईंनी स्वतः मेहदी हसन, गुलाम अली, फरीदा खानम यांच्या गझला गायल्या. यांत तुलना स्वतःशी नसते, त्यामुळे गायक मोकळा असतो. जगजीत यांचा अल्बम म्हणूनच निवांत वाटतो. एकही गाणं मूळ गायकाची नक्कल करत नाही.

परवानगीबद्दल विचारलंत म्हणून एक हिशेब देतो, कारण ‘जुनं झालं की फुकट’ असा समज सर्रास आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. शब्द आणि चालीचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘यादों की बारात’ची तबकडी १९७३ ची धरली तर ते ध्वनिमुद्रण २०३३ संपताना मोकळं होईल. चाल आरडींची, ती २०५४ संपेपर्यंत. शब्द मजरूह सुलतानपुरी यांचे, ते २००० मध्ये गेले. म्हणजे २०६० संपेपर्यंत. तबकडीवरचा हक्क आधी संपेल, पण तेच गाणं कोणालाही रॉयल्टी न देता नव्याने गाऊन विकायला आणखी सत्तावीस वर्षं थांबावं लागेल, असा हा उफराटा न्याय आहे.

राहिल्या आई. त्यांना अल्बम पहिल्या गाण्यापासून लावून देऊ नका. ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं आहे आणि तीस-पस्तीस वर्षांचं अंतर एका फटक्यात कानावर आदळतं. आधी ‘इजाजत’मधलं, गुलजार यांच्या मुक्त शब्दांवर बांधलेलं गाणं लावा, ज्यासाठी गीतकार आणि गायिका दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. ते मुळातच १९८७ चं, आशाबाईंनी पन्नाशी ओलांडल्यावर गायलेलं. दोन आवाजांतलं अंतर तिथे सर्वांत कमी आहे, त्यामुळे चौकडीने काय केलंय ते नीट ऐकू येतं. त्यानंतरही आई ‘नव्हे’च म्हणाल्या, तर वाद घालू नका, भूपिंदर यांची गिटार असलेली मूळ तबकडी लावून द्या.